१ नोव्हेंबर : आपला विसरलेला दिनविशेष

आमच्या घराच्या बैठकीत दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एक मराठी, महाराष्ट्रातून येणारी. दुसरी तेलुगू, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने भेट दिलेली. सेवानिवृत्तीनंतर रोज सकाळी चहा घेताना दोन्हींवरचा दिनविशेष वाचण्याची मला सवय लागली आहे. मराठी दिनदर्शिकेत १ मे हा महाराष्ट्र दिन असतो, १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. तेलुगू दिनदर्शिकेत २ जून हा तेलंगण राज्याचा स्थापना दिन असतो. १ नोव्हेंबरच्या चौकोनात मात्र आमच्या या दोन्ही दिनदर्शिकांत तिथी, नक्षत्र आणि राहुकाळ यांवाचून काहीच नसते.

शासकीय सेवेत असताना हा दिवस असा रिकामा जात नसे. आंध्र प्रदेशाचा स्थापना दिन म्हणून त्या दिवशी सरकारी समारंभ होत. त्याच दिवशी तेलंगण चळवळीतील मंडळी काळे झेंडे लावून निषेध करीत. एकाच कार्यालयातील एका मेजावरचा कर्मचारी आनंदात आणि शेजारच्या मेजावरचा दुःखात, असा तो दिवस असे. त्या दोघांच्या मध्ये बसलेला माझ्यासारखा मराठी कर्मचारी मान खाली घालून समोरचा कागद निकालात काढीत असे. हा दिवस आपल्याशी संबंधित आहे असे आम्हांला कधी कोणी सांगितले नाही आणि आम्हीही तसे कधी मनात आणले नाही.

आता सवड मिळाल्यावर थोडे वाचन झाले, वडिलांच्या पेटीतील जुने कागद चाळून झाले, आणि मी एका निष्कर्षाला आलो. हैदराबादेतील मराठी माणसाचे आजचे स्थान ज्या दिवशी ठरले, तो दिवस १७ सप्टेंबर नव्हे आणि १ मेही नव्हे. तो दिवस १ नोव्हेंबर १९५६ हा आहे. त्या दिवसाची, आणि त्या तारखेवर घडलेल्या इतर काही घटनांची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या तारखेची आपल्यापुरती सुरुवात १८५८ सालापासून होते. उठावाचा वणवा शमत आला होता. १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबाद येथे भरलेल्या दरबारात लॉर्ड कॅनिंग यांनी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपून हिंदुस्थान प्रत्यक्ष राणीच्या सत्तेखाली आला. या जाहीरनाम्यातील धर्मस्वातंत्र्याचे वचन शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचलेले असते. परंतु त्यात दुसरेही एक वचन होते, आणि हैदराबादच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे होते. कंपनीने देशी संस्थानिकांशी केलेले करारमदार पाळले जातील आणि आपल्या मुलुखात आणखी भर घालण्याची सरकारला इच्छा नाही, असे त्यात म्हटले होते. डलहौसीच्या काळात सातारा, झाशी, नागपूर ही राज्ये एकामागून एक खालसा झाली होती. ते सत्र या वचनाने थांबले. जी संस्थाने उरली होती ती उरली, आणि त्यांत सर्वांत मोठे होते निजामाचे.

त्या वेळी गादीवर अफजलुद्दौला होते आणि दिवाण होते पहिले सालारजंग. उठावाच्या काळात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला, त्याचे फळ १८६० च्या तहात मिळाले. १८५३ साली इंग्रजांनी फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग आपल्या ताब्यात घेतला होता. १८६० साली त्यांपैकी रायचूर आणि धाराशिव निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले, आणि पुढे १९०३ साली ते मध्य प्रांताला जोडले गेले.

याचा अर्थ असा की, एकाच निजामी अंमलाखाली राहिलेले वऱ्हाडातील आणि मराठवाड्यातील मराठी भाषक १८५३ सालापासून निरनिराळ्या कारभाराखाली गेले. एकाची कचेरी पुढे नागपूरला गेली, दुसऱ्याची हैदराबादला राहिली. ते दोघे पुन्हा एका राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे १०३ वर्षांनी. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात मुंबईचा प्रश्न एवढा मोठा होऊन बसला आहे की, या पुनर्भेटीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

राणीच्या त्या वचनाचा शेवटही याच तारखेला व्हावा, हा एक विलक्षण योगायोग आहे. १९४८ साली पोलीस कारवाईने निजामाची सत्ता गेली, तरी हैदराबाद राज्य नावाने आणि सीमांनी तसेच उभे राहिले होते. २६ जानेवारी १९५० पासून निजाम मीर उस्मान अली खान या राज्याचे राजप्रमुख होते. ३१ ऑक्टोबर १९५६ हा त्यांच्या राजप्रमुखपदाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी संविधानाची सातवी दुरुस्ती अमलात आली आणि राजप्रमुख हे पदच देशातून नाहीसे झाले. जे १ नोव्हेंबर १८५८ ला वाचवले गेले, ते १ नोव्हेंबर १९५६ ला विसर्जित झाले. मध्ये बरोबर ९८ वर्षे गेली.

१९५६ नंतर १ नोव्हेंबर ही जणू राज्यांच्या जन्माची तारीखच ठरली. त्या एका दिवशी देशाचा नकाशा १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश असा नव्याने आखला गेला. केरळ, आंध्र प्रदेश, विस्तारित म्हैसूर, नवा मध्य प्रदेश आणि विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य ही त्याच दिवसाची. नागपूर तोवर मध्य प्रदेशाची राजधानी होते. तो मान भोपाळला गेला. त्याआधी १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरी, कारैकल, माहे आणि यानम यांचा कारभार फ्रेंचांनी भारताच्या हाती सोपवला होता. पुढे १९६६ साली याच तारखेला हरियाणा राज्य अस्तित्वात आले, १९७३ साली म्हैसूर राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले आणि २००० साली छत्तीसगड निर्माण झाले. एवढ्या राज्यांचे वाढदिवस एका दिवशी येतात. हैदराबाद राज्याची मात्र ती पुण्यतिथी.

हे राज्य केवढे होते, याची कल्पना आज तरुण पिढीला नसते. १९५१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८६ लाख होती. तीत जवळपास निम्मे लोक तेलुगू भाषक, साधारण चौथा हिस्सा मराठी आणि उरलेल्यांत उर्दू व कन्नड बोलणारे प्रामुख्याने. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी. मराठी माणूस या राजधानीत उपरा नव्हता. निजामाच्या दिवाणी दफ्तराचे काम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे रायरायाँ घराणे मराठीच होते. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पिढीने विवेकवर्धिनीसारखी संस्था येथे उभी केली. १९५२ च्या निवडणुकीनंतर बी. रामकृष्णराव यांचे मंत्रिमंडळ आले, त्यात दिगंबरराव बिंदू गृहमंत्री होते, केशवरावांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार मंत्री होते, आणि विधानसभेच्या अध्यक्षस्थानी काशीनाथराव वैद्य होते. मराठवाड्यातील हुशार मुलगा शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जाण्याआधी हैदराबादला येई. नरहर कुरुंदकर नांदेड-वसमतच्या बाजूचे, पण त्यांचे महाविद्यालयीन दिवस येथल्या सिटी कॉलेजात गेले.

असे हे राज्य का मोडले? १९५३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला. त्याचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ रोजी आला. मराठवाडा मुंबई राज्याला द्यावा, कन्नड भाग कर्नाटकाला द्यावा, आणि तेलंगण व बीदर जिल्हा मिळून हैदराबाद हे राज्य तूर्त स्वतंत्र ठेवावे. १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकीनंतर तेथील विधानसभेने दोनतृतीयांश बहुमताने ठरवले तर ते आंध्रात विलीन करावे, अशी त्यातील शिफारस होती. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरील आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत त्यांनी हैदराबाद, सिकंदराबाद आणि बोलारम मिळून देशाची दुसरी राजधानी करावी असे सुचवले होते. तसे झाले असते तर या शहरातील आपले स्थान काय राहिले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

परंतु वारा दुसऱ्या दिशेने वाहत होता. विभाजन व्हावे असे म्हणणाऱ्यांत परके कोणी नव्हते. ज्यांनी निजामाविरुद्धचा लढा चालवला, ते स्वामी रामानंद तीर्थ स्वतः हैदराबाद राज्य विसर्जित करून तिन्ही भाषिक भाग आपापल्या भाषेच्या राज्यांत जावेत, या मताचे होते. सरंजामी राज्याचा सांगाडा ठेवून लोकशाही रुजणार नाही, अशी त्यांची धारणा होती. मराठवाड्यातील जनतेलाही महाराष्ट्रात जाण्याची ओढ होती आणि ती रास्तच होती. २० फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत आंध्र व तेलंगणच्या नेत्यांत सभ्य गृहस्थांचा करार म्हणून ओळखला जाणारा समझोता झाला. ऑगस्टमध्ये संसदेने राज्य पुनर्रचना कायदा संमत केला. सगळ्यांच्या पदरात काही ना काही पडत होते. फक्त राजधानीत राहणाऱ्या मराठी आणि कन्नड भाषकांचे काय, हा प्रश्न कोणत्याही करारात नव्हता.

तो कायदा मी अलीकडे पुन्हा वाचला. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला कायद्याची कलमे रुक्ष वाटत नाहीत. त्यांत माणसे दिसतात. जिल्हेच नव्हे, तालुके आणि तालुक्यांतील सर्कलेसुद्धा कात्रीने कापावी तशी कापलेली आहेत. बीदर जिल्ह्याचे अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्याला. नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशाला. उरलेला बीदर म्हैसूरला. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके व इस्लापूर सर्कल मुंबई राज्याला. उलट नांदेड जिल्ह्यातील देगलूर तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही सर्कले आणि मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले आंध्र प्रदेशाला. राजुऱ्याच्या बाजूला ही कात्री नीट चाललीच नाही. आजच्या जिवती तालुक्यातील काही गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात आणि तेथील मतदारांची नावे दोन्हीकडच्या याद्यांत असतात.

या कलमात माझी आत्या सापडते. तिचे सासर भैंसा येथे. नांदेड जिल्ह्यातील मराठी घरात दिलेली मुलगी १ नोव्हेंबरच्या सकाळी उठली, तेव्हा ती आंध्र प्रदेशात होती. तिने घर बदलले नाही, शेत बदलले नाही, विहिरीवरचा रहाटही तोच. जिल्हा मात्र आदिलाबाद झाला आणि सातबाऱ्याऐवजी पहाणीच राहिली. पुढे २०१४ साली तिचे घर तेलंगणात आले आणि २०१६ साली निर्मल जिल्ह्यात. आज तिचे नातू तेलुगू शाळेत शिकून घरी मराठी बोलतात.

त्या वर्षी १ नोव्हेंबर हा गुरुवार होता, आणि तो ऐन दिवाळीत आला होता. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. जगाचे लक्ष तेव्हा दुसरीकडे होते. सुएझच्या प्रश्नावरून इंग्रज व फ्रेंच विमाने इजिप्तवर बाँब टाकीत होती आणि बुडापेस्टमध्ये इम्रे नाज यांनी त्याच दिवशी हंगेरीच्या तटस्थतेची घोषणा केली. हैदराबादेत पंडित नेहरूंच्या हस्ते आंध्र प्रदेशाचे उद्घाटन झाले आणि नीलम संजीव रेड्डी पहिले मुख्यमंत्री झाले. तिकडे मुंबईत यशवंतराव चव्हाणांनी द्वैभाषिक राज्याची सूत्रे हाती घेतली. ज्या विधानसभेचे काशीनाथराव वैद्य अध्यक्ष होते, ती विधानसभा त्या दिवसापासून इतिहासजमा झाली.

आमच्या घरी त्या दिवाळीची आठवण वेगळ्या कारणाने काढली जाई. माझा जन्म तेव्हा व्हायचा होता. मी सांगतो ते वडिलांकडून आणि आईकडून ऐकलेले. आमचे मूळ गाव वसमत तालुक्यातील. वडील आणि काका दोघेही शिक्षणासाठी हैदराबादला आले आणि दोघेही राज्य सरकारच्या नोकरीत कारकून म्हणून लागले. राज्य मोडणार हे नक्की झाल्यावर कर्मचाऱ्यांच्या वाटपाचा प्रश्न आला. मराठवाड्यात नेमणुकीवर असलेले आपोआप मुंबई राज्यात गेले. राजधानीतील कार्यालयांत असलेल्यांचे काय करायचे, हे मात्र ठरवावे लागले. कायद्याच्या ११५ व्या कलमात त्याची तरतूद आहे. पुनर्रचनेने सेवाशर्तींत नोकराचे नुकसान होऊ नये, तसा बदल करायचा तर केंद्र सरकारची पूर्वसंमती घ्यावी, असेही त्यात म्हटले आहे. कागदावर ते चोख होते. प्रत्यक्षात ज्येष्ठतेच्या याद्यांचे वाद पुढे कित्येक वर्षे न्यायालयांत चालले.

काकांनी मुंबई राज्य पत्करले. आपल्या भाषेचे राज्य येत आहे, तर तेथे जाऊन काम करावे, असे त्यांना मनापासून वाटत होते. वडील येथेच राहिले. आजीची प्रकृती बरी नसे, काचीगुड्यातील भाड्याची जागा सोयीची होती, मोठ्या बहिणीचे नाव मराठी शाळेत घातलेले होते. एवढीच कारणे, त्यांत तत्त्वाचा भाग काही नव्हता. भाऊबीज आटोपून काका मनमाडच्या गाडीने निघाले. स्टेशनवरून परत येताना आईने विचारले, "आता ते तिकडचे झाले. मग आपण कुठले?" वडील म्हणाले, "आपण आहोत तिथले." ते उत्तर त्यांना स्वतःलाही पुरेसे वाटले नसावे, कारण हा संवाद ते आम्हांला पुन्हा पुन्हा सांगत.

काकांचा मुंबईतील अनुभव सुरुवातीला फारसा सुखाचा नव्हता. हैदराबाद राज्यात निजामी काळात दफ्तराची भाषा उर्दू होती. सारी पिढी त्यात तयार झालेली. काका टिपणीत 'नस्ती'ऐवजी 'मिसल' लिहीत. त्यांच्या दृष्टीने तालुक्याचा अधिकारी तहसीलदार, मुंबईच्या मंडळींच्या दृष्टीने मामलेदार. गावात आमचा पटवारी, त्यांचा तलाठी. सहकारी थट्टेने त्यांना 'निजामी' म्हणत. येथे हैदराबादेत वडिलांना कोणी 'महाराष्ट्रवाले' म्हणे. दोघे भाऊ एकाच गावचे, एकाच शाळेतले. एकाला मराठी राज्यात उर्दूवाला ठरवले गेले आणि दुसऱ्याला उर्दूच्या शहरात मराठीवाला.

याला एक उजळ बाजूही आहे, ती सांगितली पाहिजे. हैदराबादच्या मुलकी सेवेतून मुंबईला गेलेल्यांत सेतुमाधवराव पगडी होते. ते निलंग्याचे. उर्दू, फारसी, तेलुगू, कन्नड आणि गोंडी या भाषा त्यांना येत होत्या. महाराष्ट्राच्या गॅझेटियरचे काम त्यांनी पाहिले आणि मोगल-मराठा संबंधांवरील फारसी साधने मराठी वाचकांसमोर आणली. हैदराबादच्या दफ्तरात झालेली त्यांची घडण महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाला उपयोगी पडली. येथे राहिलेल्यांत विनायकराव विद्यालंकार होते. राज्य मोडल्यावर काही महिन्यांतच झालेल्या १९५७ च्या निवडणुकीत ते याच हैदराबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. आंध्र प्रदेशाच्या राजधानीने कोरटकरांच्या मुलाला परका मानले नाही, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. त्याच निवडणुकीत स्वामी रामानंद तीर्थ औरंगाबादहून लोकसभेवर गेले. पण त्यांनी शेवटचा श्वास १९७२ साली हैदराबादेत घेतला. राज्य मोडावे म्हणणारा संन्यासी त्या राज्याच्या राजधानीतच राहिला.

जे हळूहळू तुटले ते निराळेच होते. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तोवर तेथील महाविद्यालये उस्मानियाशी जोडलेली होती. विद्यापीठ होणे आवश्यकच होते. परंतु त्यानंतर मराठवाड्यातील मुलाला हैदराबादला येण्याचे कारण उरले नाही. सरकारी कामासाठी येणारा शेतकरी, वकील, पुढारी यांचीही ये-जा थांबली. दरवर्षी नव्या रक्ताची जी भर या शहरातील मराठी वस्तीत पडत होती, ती आटली. सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा येथील आपल्या वस्त्या पुढे आपापल्या बळावर जगल्या. आपली संख्या का घटली, मराठी वर्ग का रोडावले, याचा दोष आपण कधी मुलांना देतो, कधी इंग्रजीला. त्या कारणांत तथ्य आहेच. पण मूळ झरा कोठे बंद झाला ती तारीखही ध्यानात ठेवावी.

राज्य मोडले तरी त्याचे कायदे मोडले नाहीत, ही गोष्ट महसूल खात्याशी संबंध आलेल्यांना ठाऊक असते. १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा मराठवाड्यातही राहिला आणि तेलंगणातही. संरक्षित कुळाच्या हक्काचा वाद निघाला की इकडचा आणि तिकडचा वकील आजही त्याच कायद्याकडे वळतो. कागदांचेही तसेच. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने नेमलेली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती हैदराबादला आली. २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णय काढला. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. ६७ वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या राज्याचा कागद शोधायला सरकारला आपल्या शहरात यावे लागले, एवढेच मला नोंदवायचे आहे.

वडिलांसमोर आलेला प्रश्न पुढे माझ्याही समोर आला. २ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशाचे विभाजन झाले. राज्यस्तरीय संवर्गातील कर्मचाऱ्यांचे वाटप करण्यासाठी कमलनाथन समिती होती. मी सेवानिवृत्तीला तीन वर्षे उरलेला अधिकारी. विकल्पाचा नमुना माझ्या मेजावर आला. आंध्र प्रदेश की तेलंगण? मूळ गाव कोणते? माझे शिक्षण सगळे हैदराबादेत झालेले, त्यामुळे नियमाने उत्तर सोपे होते आणि मी तेलंगण लिहिले. परंतु मूळ गावाच्या प्रश्नाशी लेखणी थांबली. वसमत आता हिंगोली जिल्ह्यात, महाराष्ट्रात. विचारलेल्या दोन राज्यांपैकी कोणत्याच राज्यात ते नाही. शेजारच्या खोलीत तीस वर्षे एकत्र काम केलेले दोन तेलुगू सहकारी होते. एक गुंटूरचा, एक वरंगळचा. दोघांची भाषा एक, तरी त्यांना वेगळे व्हावे लागत होते. गुंटूरच्या सहकाऱ्याने मला विचारले, "तुमच्या लोकांनी हे पूर्वी सोसले आहे ना? किती दिवस लागतात सवय व्हायला?" मी त्याला वडिलांचे उत्तर सांगितले नाही. सांगण्याजोगे ते मला तेव्हाही वाटले नाही.

आज मात्र त्या उत्तराकडे मी थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहतो. बेळगावच्या मराठी बांधवांसाठी १ नोव्हेंबर हा काळा दिवस आहे. तेथे सलग मराठी मुलूख सीमेपलीकडे गेला, आणि त्याचा दावा महाराष्ट्राने २००४ साली दाखल केल्यापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आपली गोष्ट तशी नाही. हैदराबाद शहर महाराष्ट्रात यावे असे आपल्यापैकी कोणी म्हटले नाही आणि म्हणण्याचे कारणही नव्हते. आपल्यावर अन्याय झाला असेही मी म्हणणार नाही. तीन भाषांना तीन घरे मिळाली, ते देशाच्या हिताचेच झाले. फक्त तिघांचे मिळून जे एक घर होते, त्याच्या ओसरीवर आपण राहिलो. ओसरीवर राहणाऱ्याला घरातले सगळे ओळखतात. पण वाटणीच्या कागदावर त्याचे नाव नसते.

म्हणून हा दिवस साजरा करावा किंवा पाळावा, असे माझे सांगणे नाही. तो आठवावा, आणि आठवणीला कागदाचा आधार द्यावा, एवढे सांगणे आहे. आपल्या जुन्या घरांतून १९५६ पूर्वीच्या नेमणुकीचे हुकूम, विकल्पाची पत्रे, ज्येष्ठतेच्या याद्या, मोडी आणि उर्दूतील जमिनीचे कागद, उस्मानियाची प्रमाणपत्रे पडून असतील. घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि पेट्या रद्दीवाल्याकडे जात आहेत. मोडी वाचणारे थोडे उरले, उर्दू वाचणारे मराठी वृद्ध त्याहून थोडे. ज्यांना वाचता येते त्यांनी कागद वाचून मागे चार ओळींत मराठीत लिहून ठेवावे, आणि ज्यांना येत नाही त्यांनी निदान ते फेकू नयेत. मोठ्या दफ्तरखान्यात राज्याचा इतिहास सापडेल. एका घरातील दोन भाऊ दोन राज्यांत का गेले, ते तेथे सापडणार नाही.

वडिलांच्या पेटीत काकांचे पहिले पत्र आहे. मुंबईहून आलेले, नोव्हेंबर १९५६ अखेरचे. नोकरीवर रुजू झालो, जागा मिळाली नाही, तूर्त एका स्नेह्याकडे राहतो, असा मजकूर आहे. शेवटी एक ओळ आहे: आईचे औषध चालू आहे ना, ते कळवावे. पत्र मराठीत आहे. पाकिटावरचा हैदराबादचा पत्ता मात्र काकांनी सवयीने उर्दूत लिहिला होता. पोस्टमनने तो वाचला आणि पत्र पोहोचले.